स्थापना, सनद आणि मान्यता : भारतातील खासगी विद्यापीठांच्या शासकीय परवानगीचा इतिहास (१८५७ ते २०२५)

प्रस्तावना

दिनांक ११ फेब्रुवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रा. यशपाल विरुद्ध छत्तीसगड राज्य’ या खटल्याचा निकाल दिला आणि त्या राज्यात २००२ च्या अधिनियमान्वये काढण्यात आलेल्या खासगी विद्यापीठांचे वैधानिक अस्तित्व संपुष्टात आले. ज्यांनी त्या विद्यापीठांत शुल्क भरून प्रवेश घेतला होता, त्यांच्यापुढे एकच प्रश्न उभा राहिला : आपण शिकत होतो ती संस्था विद्यापीठ नव्हती, तर मग ती काय होती? या प्रश्नाचे उत्तर केवळ कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही, ते इतिहासात शोधावे लागते. विद्यापीठ निर्माण करण्याचा अधिकार कोणाचा, समाजाचा, विधिमंडळाचा की शासनाच्या एखाद्या विभागाचा, हा वाद आपल्याकडे दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

प्रस्तुत निबंधात या वादाचा मागोवा घेताना तीन संकल्पना परस्परांपासून वेगळ्या ठेवल्या आहेत. पहिली ‘स्थापना’, म्हणजे शिक्षक, विद्यार्थी, ग्रंथालय, इमारत आणि निधी यांच्या आधारे संस्थेने प्रत्यक्ष उभे राहणे. दुसरी ‘सनद’, म्हणजे कायद्याने त्या संस्थेला विद्यापीठ म्हणून मिळणारे वैधानिक व्यक्तित्व. तिसरी ‘मान्यता’, म्हणजे तिने दिलेली पदवी शासनाने, इतर विद्यापीठांनी आणि नोकरी देणाऱ्यांनी स्वीकारणे. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात असा आपला समज असतो. इतिहास मात्र निराळे सांगतो.

वसाहतकालीन सनद

वुडच्या १८५४ च्या खलित्याला अनुसरून १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. तिन्ही विद्यापीठे विधिमंडळाच्या स्वतंत्र अधिनियमांनी अस्तित्वात आली आणि तिन्हींचा आदर्श तत्कालीन लंडन विद्यापीठाचा होता. ती आरंभी अध्यापन करीत नव्हती. महाविद्यालयांना संलग्न करून घेणे, परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच त्यांचे कार्य होते. अर्थात भारतात आधुनिक विद्यापीठाची कल्पनाच मुळी ‘पदवी देण्याचा कायदेशीर अधिकार’ या रूपाने रुजली. शिकविणे महाविद्यालयांकडे आणि शिक्का विद्यापीठाकडे, ही विभागणी आपल्या मनात इतकी खोलवर गेली की पुढील काळात अनेकांना शिक्का हेच विद्यापीठाचे सर्वस्व वाटू लागले.

लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीतील १९०४ च्या भारतीय विद्यापीठ अधिनियमाने सिनेटवरील शासकीय नियंत्रण वाढविले आणि संलग्नतेच्या अटी कडक केल्या. राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीने या नियंत्रणाकडे संशयाने पाहिले, ते स्वाभाविक होते. तथापि सनद देताना ब्रिटिश शासनाने पाळलेला एक दंडक येथे नमूद करणे आवश्यक आहे. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या पुढाकाराने १९१५ च्या अधिनियमान्वये बनारस हिंदू विद्यापीठाला सनद मिळाली, तेव्हा पन्नास लाख रुपयांच्या कायमनिधीची अट घालण्यात आली होती. १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठासाठी ही रक्कम तीस लाख होती. शिवाय बनारस येथे ॲनी बेझंट यांनी १८९८ मध्ये सुरू केलेले सेंट्रल हिंदू कॉलेज आणि अलीगढ येथे सर सय्यद अहमद खान यांनी उभारलेले महाविद्यालय आधीपासूनच कार्यरत होते. थोडक्यात, स्थापना आधी आणि सनद नंतर हा क्रम होता. परकीय सरकारचा हेतू राजकीय नियंत्रणाचा असेल, परंतु पायाभूत सिद्धतेशिवाय सनद नाही हा नियम मात्र शैक्षणिकदृष्ट्या योग्यच होता.

सनदेविना विद्यापीठ

याच काळात सनदेची वाट न पाहता विद्यापीठे काढण्याचे धाडसही झाले आणि त्यात महाराष्ट्र आघाडीवर होता. १९१५ मध्ये मुंबई येथे भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. टोकियो येथील महिला विद्यापीठाची माहिती त्यांच्या वाचनात आली होती. १९१६ मध्ये पुणे येथे विद्यापीठाचे काम सुरू झाले, तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्याच विद्यार्थिनी होत्या. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्याचे पहिले कुलपती. अध्यापनाचे माध्यम मातृभाषा होते आणि पदवीसही ‘गृहीतागमा’ असे स्वतंत्र नाव देण्यात आले होते. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास देण्यात आले. परंतु या विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळण्यास स्वातंत्र्योत्तर काळ उजाडावा लागला. मुंबई विधिमंडळाने १९४९ मध्ये अधिनियम संमत केला आणि १९५१ पासून श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ वैधानिक विद्यापीठ म्हणून कार्य करू लागले.

म्हणजेच जवळपास पस्तीस वर्षे हे विद्यापीठ सनदेविना चालले. त्याच्या पदवीला सरकारी नोकरीच्या बाजारात मुंबई विद्यापीठाच्या पदवीचे मोल नव्हते. तरीही तेथे मुली शिकल्या, कारण विद्यापीठामागे उभ्या असलेल्या माणसांवर समाजाचा विश्वास होता. शासनाची मान्यता नसली, तरी समाजाची मान्यता होती.

असहकाराच्या चळवळीतून निघालेल्या राष्ट्रीय विद्यापीठांची कथाही अशीच आहे. गुजरात विद्यापीठ व जामिया मिल्लिया इस्लामिया (१९२०), काशी विद्यापीठ आणि पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ (१९२१) या संस्थांनी शासनाकडे सनद मागितलीच नाही. ती न मागणे हाच त्यांचा बाणा होता. स्वातंत्र्यानंतर या संस्थांना कायद्याच्या चौकटीत आणण्यासाठी निराळी वाट काढावी लागली. जामियाला १९६२ मध्ये, गुजरात विद्यापीठाला १९६३ मध्ये आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठाला १९८७ मध्ये ‘अभिमत विद्यापीठ’ हा दर्जा मिळाला. पुढे ज्या दर्जाचा इतका गैरवापर झाला, त्याच्या आरंभीच्या लाभार्थींत स्वातंत्र्यलढ्यातून निघालेल्या या संस्था होत्या, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१९५६ चा अधिनियम

१९५६ चा विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम हा या इतिहासातील निर्णायक टप्पा होय. आयोगाची स्थापना १९५३ मध्ये झाली होती. १९५६ च्या अधिनियमाने त्याला वैधानिक अधिष्ठान मिळाले आणि त्याच वर्षी चिंतामणराव देशमुख आयोगाचे अध्यक्ष झाले. या अधिनियमाच्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार केवळ तीन प्रकारच्या संस्थांपुरता मर्यादित करण्यात आला : केंद्रीय वा राज्य अधिनियमाने स्थापन झालेली विद्यापीठे, कलम ३ अन्वये अभिमत ठरविलेल्या संस्था आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था. कलम २३ ने ‘विद्यापीठ’ हा शब्द नावात वापरण्यावर निर्बंध घातले. या कलमांच्या भंगासाठी कलम २४ मध्ये दंड सांगितला तो एक हजार रुपयांपर्यंतचा! १९५६ मध्ये ही रक्कम लहान नसेल, पण पुढील काळात बनावट विद्यापीठांची यादी आयोगाला वारंवार प्रसिद्ध करावी लागली आणि त्या यादीत नागपूरच्या एका संस्थेचे नाव वर्षानुवर्षे कायम राहिले, यावरून या दंडाचा धाक किती होता ते कळते.

कलम २२ चे ऐतिहासिक महत्त्व १९६७ च्या ‘अझीझ बाशा’ खटल्याच्या निकालात स्पष्ट झाले. खासगी व्यक्तीने वा संस्थेने विद्यापीठ काढण्यास १९५६ पूर्वी भारतात कायद्याची मनाई नव्हती, परंतु अशा विद्यापीठाची पदवी मान्य करण्याचे बंधन शासनावर नव्हते, असे न्यायालयाने नमूद केले. कर्व्यांचे विद्यापीठ नेमके याच मोकळ्या जागेत उभे राहिले होते. १९५६ नंतर ती जागा उरली नाही. अलीगढचे विद्यापीठ अधिनियमाने निर्माण झाले, सबब ते मुस्लिम समाजाने स्थापन केले असे म्हणता येणार नाही, हा त्या निकालाचा निष्कर्ष मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने रद्द ठरविला. कायद्याने वैधानिक रूप देणे आणि संस्था स्थापन करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्व त्यातून पुढे आले.

राज्यघटनेची रचनाही येथे लक्षात घ्यावी लागते. विद्यापीठांना वैधानिक रूप देणे हा विषय राज्यसूचीत (नोंद ३२) आहे, तर उच्च शिक्षणाच्या दर्जाचा समन्वय व निश्चिती हा विषय केंद्रसूचीत (नोंद ६६) आहे. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने (१९७६) शिक्षण समवर्ती सूचीत गेले, तरी या दोन नोंदी कायम राहिल्या. सनद राज्याने द्यावी आणि दर्जा केंद्राने राखावा, अशी ही विभागणी आहे. छत्तीसगडचा प्रश्न याच फटीतून निर्माण झाला.

खासगीकरणाची वाटचाल

महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या शासनाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. देणगीशुल्काला आळा घालणारा कायदा १९८७ मध्ये करावा लागला, यावरून अवघ्या चार वर्षांत काय घडले असेल त्याची कल्पना येते. तरीही ही महाविद्यालये कोणत्या ना कोणत्या विद्यापीठाला संलग्न होती. अभ्यासक्रम, परीक्षा व पदवी या बाबी विद्यापीठाच्या हाती होत्या. खासगी संस्थेला स्वतः पदवी देता येत नव्हती.

हा अडसर दूर करण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे १९९५ मध्ये राज्यसभेत मांडण्यात आलेले खासगी विद्यापीठ विधेयक. ते संमत झाले नाही. पंतप्रधानांच्या व्यापार व उद्योग परिषदेसाठी मुकेश अंबानी व कुमारमंगलम बिर्ला यांनी २००० मध्ये सादर केलेल्या अहवालात खासगी विद्यापीठांसाठी कायदा करण्याची शिफारस पुन्हा करण्यात आली. केंद्रात कायदा होत नाही असे पाहून राज्यांनी आपापल्या अधिकारात पावले उचलली. सिक्कीममध्ये १९९५ मध्येच राज्य अधिनियमाने एक खासगी विद्यापीठ अस्तित्वात आले होते. परंतु तेथे एका विद्यापीठासाठी एक अधिनियम होता. छत्तीसगडने त्याहून सोपा मार्ग शोधला.

छत्तीसगडचा प्रयोग आणि २००५ चा निकाल

छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. नव्या राज्यापुढे साधनांची टंचाई होती आणि उच्च शिक्षणात खासगी भांडवल यावे ही अपेक्षा अनाठायी म्हणता येणार नाही. २००२ मध्ये राज्याने खासगी क्षेत्रातील विद्यापीठांच्या स्थापनेचा व विनियमनाचा अधिनियम केला. त्यातील कलम ५ व ६ अन्वये प्रत्येक विद्यापीठासाठी विधिमंडळाकडे जाण्याची गरज उरली नाही. पुरस्कर्त्या संस्थेने प्रस्ताव द्यावा आणि शासनाने राजपत्रात अधिसूचना काढावी, एवढ्याने विद्यापीठ जन्माला येऊ लागले. सुमारे वर्षभरात अशी ११२ विद्यापीठे निघाली. त्यांपैकी अनेकांना इमारत वा परिसर नव्हता, काही तर एका खोलीतून चालत होती, असे न्यायालयाने आपल्या निकालात नोंदविले आहे. शिवाय राज्याबाहेर केंद्रे उघडण्याची मुभाही कायद्यात होती. अर्थात रायपूरच्या राजपत्रातील एका अधिसूचनेच्या बळावर देशात कोठेही पदवीचे दुकान मांडता येत होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००३ मध्ये खासगी विद्यापीठांसाठी विनियम काढले. प्रत्येक खासगी विद्यापीठ स्वतंत्र राज्य अधिनियमाने स्थापन व्हावे, ते एकात्म स्वरूपाचे असावे, त्याने सामान्यतः राज्याच्या सीमेतच कार्य करावे आणि परिसराबाहेरील केंद्रे पाच वर्षांनंतर, तीही अपवादात्मक परिस्थितीत व पूर्वपरवानगीनेच उघडावीत, अशा त्यातील मुख्य अटी होत्या. परंतु आयोगाच्या विनियमांनी अधिसूचनांचा ओघ थांबला नाही. अखेर आयोगाचे माजी अध्यक्ष व ख्यातनाम भौतिकशास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ज्यांनी १९८६ ते १९९१ या काळात आयोगाचे नेतृत्व केले, त्यांना सामान्य नागरिक म्हणून न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, ही बाब नियामक यंत्रणेच्या दुबळेपणावर पुरेसा प्रकाश टाकते.

सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी, न्या. जी. पी. माथुर व न्या. पी. के. बालसुब्रमण्यन यांच्या पीठाने कलम ५ व ६ घटनाबाह्य ठरविली. निकालाचा युक्तिवाद तीन मुद्द्यांत सांगता येईल. एक, विद्यापीठाला वैधानिक रूप देण्याचा राज्याचा अधिकार केंद्राच्या दर्जाविषयक अधिकाराला निष्प्रभ करील अशा रीतीने वापरता येणार नाही. दोन, कलम २२ मधील पदवी देण्याचा अधिकार खऱ्याखुऱ्या विद्यापीठासाठी आहे. जेथे अध्यापन नाही, संशोधन नाही, साधने नाहीत, तेथे केवळ कागदी प्रस्तावावर विद्यापीठ निर्माण होऊ शकत नाही. तीन, राज्याच्या कायद्याचा अंमल राज्याच्या सीमेपुरता असतो, सबब राज्याबाहेर केंद्रे उघडण्याची मुभा देणारी तरतूद टिकू शकत नाही.

विद्यार्थ्यांच्या हिताचाही न्यायालयाने विचार केला. या संस्थांना राज्यातील अस्तित्वात असलेल्या विद्यापीठांशी संलग्न करून घेण्यासाठी शासनाने उपाय योजावेत, असे सांगण्यात आले. मात्र ही सवलत विहित निकष पूर्ण करणाऱ्या संस्थांपुरतीच होती. ज्या संस्था निकषांत बसत नव्हत्या, तेथील विद्यार्थ्यांचे काय, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर असू शकत नव्हते. ज्याने विद्यापीठ काढले त्याचे भांडवल अल्प होते, ज्याने अधिसूचना काढली त्याचे काहीच गेले नाही, आणि ज्याने प्रवेश घेतला त्याची वर्षे गेली.

कर्वे यांचे विद्यापीठ आणि छत्तीसगडची ही विद्यापीठे समोरासमोर ठेवली असता विरोध स्पष्ट होतो. पुण्यात स्थापना होती, पण सनद नव्हती. रायपूरमध्ये सनद होती, पण स्थापना नव्हती. पहिले विद्यापीठ पस्तीस वर्षे तग धरून राहिले, दुसरी सुमारे तीन वर्षांत नाहीशी झाली.

निकालानंतर

छत्तीसगडने २००५ मध्येच नवा अधिनियम करून खासगी विद्यापीठांची वाट पुन्हा मोकळी केली, यावेळी नियामक आयोगाच्या तरतुदीसह. इतर राज्यांनीही स्वतंत्र अधिनियमांचा मार्ग अनुसरला. महाराष्ट्राने २०१३ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांबाबतचा कायदा केला आणि २०१४ पासून प्रत्येक विद्यापीठासाठी वेगळा अधिनियम होऊ लागला. २०२३ पर्यंत देशातील राज्य खासगी विद्यापीठांची संख्या चारशेंहून अधिक झाली. यांतील काही विद्यापीठांनी अध्यापन व संशोधनात नाव मिळविले आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि विधिमंडळात विधेयक मांडले गेले म्हणजे त्याची छाननी झालीच, असे मानता येत नाही.

अभिमत विद्यापीठांबाबतचा अनुभवही बोलका आहे. केंद्र शासनाने नेमलेल्या टंडन समितीने २००९ मध्ये १२६ संस्थांचा आढावा घेतला आणि त्यांपैकी ४४ संस्था या दर्जास अपात्र ठरविल्या. ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालाने काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक परवानगीविना दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर गदा आली. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या निलंबित होऊन त्यांना पुन्हा परीक्षेला बसण्यास सांगण्यात आले. शासनाच्या चुकीच्या परवानगीची किंमत विद्यार्थ्याने दशकभरानंतर मोजावी, असा हा प्रकार होता.

परदेशी विद्यापीठांची शाखासंकुले

परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशाचा प्रश्न हा याच इतिहासाचा पुढील अध्याय होय. मलेशियाने १९९६ मध्ये खासगी उच्च शिक्षणाचा कायदा केला आणि १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाचे शाखासंकुल तेथे सुरू झाले. भारतात मात्र कायद्याचे प्रयत्न फसत गेले. कपिल सिब्बल मनुष्यबळ विकास मंत्री असताना ३ मे २०१० रोजी लोकसभेत मांडलेल्या विधेयकात पन्नास कोटी रुपयांच्या निधीची अट होती आणि शिलकी रक्कम मायदेशी नेण्यास मनाई होती. पंधरावी लोकसभा विसर्जित झाल्यावर २०१४ मध्ये ते व्यपगत झाले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर दिशा बदलली. गुजरातमधील गिफ्ट सिटीत स्वतंत्र नियमावलीखाली ऑस्ट्रेलियातील डीकिन व वुलोंगाँग या विद्यापीठांना परवानगी मिळाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी उच्च शिक्षण संस्थांच्या संकुलांसाठी विनियम जारी केले. जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेंत स्थान वा विषयातील विशेष नैपुण्य ही पात्रता ठरली. शुल्क व शिक्षक नियुक्ती याबाबत संस्थेला स्वातंत्र्य मिळाले. ऑनलाईन व दूरशिक्षणाला मनाई करण्यात आली आणि आयोगाच्या पूर्वसंमतीविना संकुल बंद करता येणार नाही, असे बंधन घालण्यात आले. ब्रिटनमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाचे संकुल २०२५ मध्ये गुरुग्राम येथे सुरू झाले. जून २०२५ मध्ये मुंबई येथील कार्यक्रमात यॉर्क, ॲबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आदी पाच परदेशी संस्थांना इरादापत्रे देण्यात आली.

या विनियमांचे मूल्यमापन दोन्ही बाजूंनी करावे लागेल. आधी इरादापत्र, मग संकुलाची उभारणी आणि त्यानंतर अंतिम परवानगी हा क्रम छत्तीसगडच्या तुलनेत निश्चितच सुरक्षित आहे. तेथे स्थापनेला पुन्हा सनदेच्या आधीचे स्थान मिळाले आहे. परंतु २०१० च्या विधेयकातील प्रश्न संसदेत चर्चेला आले असते, ते येथे विनियमाने निकालात निघाले. कलम २२ ची भाषा पाहता पदवीचा अधिकार अधिनियमातून यावा अशी अपेक्षा आहे. परदेशात स्थापन झालेल्या संस्थेने भारतीय भूमीवर दिलेल्या पदवीचा आधार मात्र आयोगाचा विनियम हा आहे. अधिसूचनेने विद्यापीठ निर्माण करता येईल काय, हा २००५ चा प्रश्न येथे निराळ्या वेषात उभा राहतो. परदेशी विद्यापीठ कागदी नाही, हे खरे. परंतु छत्तीसगडच्या बाबतीत आक्षेप केवळ इमारत नसण्याला नव्हता, तो मान्यतेचा निर्णय छाननीविना घेतला जाण्यालाही होता.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. भारतातील विद्यापीठ आरंभापासून पदवी देण्याच्या कायदेशीर अधिकाराशी जोडले गेले. त्यामुळे सनद मिळविणे हेच साध्य मानण्याची प्रवृत्ती बळावली.

२. ज्या विद्यापीठांची स्थापना सनदेपूर्वी झाली, ती टिकली. ज्यांना स्थापनेपूर्वीच सनद मिळाली, त्यांतील पुष्कळशी कोसळली अथवा वादग्रस्त ठरली.

३. १९५६ च्या अधिनियमाने पदवीचे रक्षण केले, परंतु सनदेविना प्रयोग करण्याची कर्व्यांना लाभलेली मोकळीकही संपविली. आज कोणी नवी शैक्षणिक कल्पना घेऊन उभा राहिला, तर त्याला आधी शासनाचे दार गाठावे लागेल.

४. चुकीच्या परवानगीची जबाबदारी परवानगी देणाऱ्यावर निश्चित करणारी व्यवस्था या संपूर्ण इतिहासात आढळत नाही. संस्थेसाठी कायमनिधीची अट असते, तशी विद्यार्थ्याच्या नुकसानभरपाईसाठी स्वतंत्र निधीची अट असणे हे या इतिहासातून निघणारे किमान धोरणात्मक सूत्र होय.

परवाना हा शासनाच्या दृष्टीने एक कागद असतो. विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो त्याच्या आयुष्यातील तीन-चार वर्षांचा हवाला असतो. कर्व्यांच्या विद्यापीठातील मुलींना आपल्या पदवीला सरकारी मोल नाही हे प्रवेश घेतानाच ठाऊक होते. छत्तीसगडमधील विद्यार्थ्यांच्या हाती मात्र शासनाचे राजपत्र होते आणि त्यांनी त्यावर विश्वास ठेवला होता. शाखासंकुलांच्या परवानग्यांचा विचार करताना हा भेद विसरता येणार नाही.